सातचा पीटीचा तास चारला न्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक प्रश्न हमखास फिरतो: हवा एवढी वाईट आहे, मुलांना मैदानावर पाठवायचे का? उत्तरही ठरलेले. शाळा मैदानावरचा तास रद्द करते, घरचे लोक संध्याकाळचे खेळणे थांबवतात आणि पोर चार महिने पंख्याखाली मोबाइल घेऊन बसते. फेब्रुवारीअखेर खोकला जातो, पण गणवेशाच्या विजारीचे बटण लागत नाही. खेळ थांबवणे हा या हवेवरचा सर्वांत वाईट उपाय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. थांबवायचेच असेल तर सकाळी सातला मैदानावर पळवणे थांबवा आणि तोच तास दुपारी घ्या.

‘सकाळची शुद्ध हवा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ते मुंबईतही बऱ्यापैकी खरे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र गणित उलटते. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार थराचे तिच्यावर झाकण पडते. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा रात्रीचा वारा इतका मंद असतो की त्याने धूर हलत नाही. ट्रकांचा धूर, वॉचमनच्या शेकोट्या, बेकऱ्यांच्या भट्ट्या, बांधकामांची धूळ असे सगळे रात्रभर त्या झाकणाखाली साचते. सात ते नऊच्या दरम्यान शाळा-कचेऱ्यांच्या वाहनांची त्यात भर पडते. दहा-अकराला जमीन तापली की झाकण उचलले जाते, दुपारी खारा वारा सुटतो आणि साधारण दोन ते पाच या वेळात शहराला त्यातल्या त्यात बरी हवा मिळते. सूर्य मावळला की पुन्हा साचायला सुरुवात. म्हणजे साडेसहाला क्रिकेटच्या नेटमध्ये उतरणारा किंवा क्रीडादिनाच्या सरावासाठी सातला मैदानाला फेऱ्या मारणारा मुलगा दिवसातली जवळजवळ सर्वांत गढूळ हवा ओढतो. तीही पळताना, बसलेल्या मुलाच्या कित्येक पट आणि तोंडाने, म्हणजे नाकातल्या गाळणीला वळसा घालून.

यात वजनाचा मुद्दा कुठून आला, असे काहींना वाटेल. धुराने दमा होतो हे पटते. धुराने पोट सुटते हे चटकन पटत नाही. त्याच्या दोन वाटा आहेत. एक उघड आहे: श्वास लागणारे मूल पळत नाही, न पळणाऱ्याचे वजन वाढते आणि वाढलेल्या वजनाने दमा आणखी आवरेनासा होतो. दुसरी शरीराच्या आतली. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतात आणि अंगात कायमची बारीक सूज धरून ठेवतात. अशा सुजेत इन्सुलिनचे काम बिघडते आणि खाल्लेले चरबीत जाणे सोपे होते. अर्धवट जळलेल्या लाकूड, डिझेल, तंबाखू, प्लॅस्टिक यांच्या धुरात पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगे असतात. ती संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत हवेचे नमुने घेणारी छोटी सॅक दोन दिवस पाठीवर वागवायला दिली आणि पुढे त्यांच्या मुलांची वजने घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ही संयुगे सर्वांत जास्त श्वासात गेलेल्या एक तृतीयांश मातांच्या मुलांत, सर्वांत कमी गेलेल्यांच्या तुलनेत, लठ्ठपणाचा धोका पाचव्या वर्षी १.७९ पट आणि सातव्या वर्षी २.२६ पट निघाला. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. तिथे घराजवळची रहदारी आणि मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) यांचा संबंध दिसला. घरात कोणी सिगारेट ओढणारे असेल तर दोन्हींचा मिळून परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होता. बीजिंगमध्ये गाभण उंदरांना सारखेच खाणे देऊन काहींना शहराच्या हवेत आणि काहींना गाळलेल्या हवेत ठेवले, तर शहरी हवेतल्या माद्या आणि त्यांची पिल्ले जड भरली. आपल्याकडे २०२१ मध्ये दिल्ली, कोट्टायम आणि म्हैसूर इथल्या तीन हजारांवर शाळकरी मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. दिल्लीत जवळपास ४० टक्के मुले जादा वजनाची किंवा लठ्ठ होती, दक्षिणेतल्या दोन शहरांत मिळून सुमारे १६ टक्के.

या शेवटच्या आकड्यावर फार उड्या मारू नयेत. दिल्लीच्या मुलाचे खाणे आणि कोट्टायमच्या मुलाचे खाणे एक नाही. रस्त्याकडेला राहणाऱ्याच्या वाट्याला धुराबरोबर भोंग्यांनी मोडलेली झोप, खेळायला जागा नसणे आणि कोपऱ्यावरची तळणाची गाडी हेही येते; कशाचा वाटा किती हे वेगळे काढणे किचकट आहे, आणि सगळ्या अभ्यासांत हा संबंध सारख्याच जोराने दिसलेला नाही. लठ्ठपणाचे मुख्य आरोपी खाणे आणि बैठेपणा हेच. धूर त्यांचा साथीदार आहे. म्हणूनच हवेच्या नावाखाली बैठेपणा वाढवणे म्हणजे साथीदाराला पकडायला जाऊन मुख्य आरोपीला सोडून देणे.

आपल्या मुलांबाबत आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण पुणे परिसरातील आणि इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनची नवजात बाळे शेजारी ठेवून मोजली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे; पण आपल्या बाळात घट झाली होती ती स्नायूंत, कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे, आतून चरबी बाळगणारे बाळ. असे मूल पुढे ‘लुकडे’ म्हणूनच मिरवते आणि त्याचे पोट कोणी मोजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. त्याच पाहणीत ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती. एकाच राज्यात, कधीकधी एकाच घरात, दोन्ही.

पोट मोजायला दवाखान्यात जायला नको. सहा वर्षांपुढच्या मुलाला अनवाणी, भिंतीला टाच लावून उभे करा. डोक्यापासून जमिनीपर्यंत सुतळी धरून तेवढीच कापा, ती मधोमध दुमडा आणि पोटाभोवती घाला: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. दुमडलेल्या सुतळीची टोके भेटली तर ठीक. भेटत नसतील तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. बालरोगतज्ज्ञांकडून भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या तक्त्यावर बीएमआय मांडून घ्या. मोठ्यांचे २३-२५ हे आकडे मुलांना लावू नयेत, ही चूक सर्रास होते. आणि वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. बहुतेक मुलांत वजन आहे तिथे थोपवले तरी पुरते, उंची आपले काम करते.

आता मुळाकडे, म्हणजे गर्भारपणाकडे. या विषयात सर्वांत भक्कम पुरावा तंबाखूचा आहे: पोटात असताना तंबाखूचा धूर लागलेली बाळे कमी वजनाची जन्मतात आणि पुढे जादा वजनाकडे झुकतात. बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे समजू नका. मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. भाजताना तिचा धूर कोंदट खोलीभर होतो आणि वर ती दातांना लागते. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरतात, हे मुंबईतच बाराशेवर स्त्रियांच्या पाहणीत आढळले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू वापरणाऱ्यांतल्या बहुतेकजणी मिशरीवाल्या होत्या. गरोदरपणाच्या नोंदणीत सिगारेट-दारू विचारतात तसे ‘मिशरी लावता का’ हे नाव घेऊन विचारायला हवे. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला मिशरी लावणारी बाई सरळ ‘नाही’ म्हणते.

घरातली दुसरी चूक डासांच्या कॉइलची. एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सुटतात, असे मोजमाप २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. दहा बाय बाराच्या बंद खोलीत बाळाच्या उशाशी ती लावायची आणि दुपारी एक्यूआयची (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाची) चिंता करायची, याला अर्थ नाही. मच्छरदाणी लावा. स्वयंपाकघरात फोडणीआधी एक्झॉस्ट पंखा सुरू करावा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. वन रूम किचनमध्ये तो बहुधा खिडकीतच बसवलेला असतो आणि त्याच्या शेजारचे तावदान उघडे असते. मग पंखा ओट्यावरचा धूर न ओढता शेजारच्या तावदानातून येणारी हवाच बाहेर फेकत राहतो. ते तावदान बंद करून समोरचे दार किंवा पलीकडची खिडकी किलकिली ठेवली की धूर बाहेर जातो. पात्यांवरचा चिकटा महिन्याला काढला नाही तर पंख्याचा नुसता आवाज उरतो. ज्यांना हवा शुद्धीकरण यंत्र परवडते त्यांनी खोलीचे घनफळ काढून यंत्राची क्षमता पाहावी: दहा बाय बारा, नऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३१ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा फिरायची तर दीडशे घनमीटरची क्षमता हवी. ज्यांना परवडत नाही त्यांनी कर्ज काढून घेऊ नये.

मोबाइलवरचा आकडा वाचताना होणारी गफलत. एक्यूआय हा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी सातला जो आकडा दिसतो त्यात कालची दुपारही मिसळलेली असते. सात वाजताची हवा कशी आहे हे तो सांगत नाही. मैदानासाठी हवा मोजणाऱ्या जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा तासाचा आकडा पाहायचा, तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रवार मिळतो. दुसरे असे की काही खासगी अ‍ॅप अमेरिकी मोजपट्टी लावतात. पीएम २.५ घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर तो निर्देशांक १००, ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या वर. गटावर दोन पालक भांडतात ते बहुधा यावरूनच. आणि ‘समाधानकारक’ या शब्दावरही विसंबू नये: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी घातलेली मर्यादा १५ आहे, आपली ६०.

तरीही पंधराची वाट पाहत बसलो तर मुंबईचे मूल हिवाळाभर खेळणारच नाही. मोठ्या माणसांवरचे एक गणित २०१६ मध्ये मांडले गेले: पीएम २.५ शंभर असतानाही रोज सुमारे दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा हवेच्या तोट्यापेक्षा जास्त राहतो. मुलांसाठी आम्ही हात आखडता घेऊ. तासाचा आकडा ६० पर्यंत असेल तर नेहमीसारखे खेळू द्या. ६० ते ९० मध्येही खेळ चालू ठेवा, पण दम्याच्या मुलांचा पंप शिक्षकांच्या खिशात असावा आणि दर दहा मिनिटांनी थांबवावे. ९० ते १२० मध्ये धावण्याच्या शर्यती, कबड्डी बंद. झेल, नेमबाजी, लंगडीचा छोटा डाव चालेल. १२० च्या वर मैदान नको, पण तास रद्दही नको: सभागृहात किंवा रुंद व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या, लेझीम, सूर्यनमस्कार, दंड-बैठका. पाच ते सतरा वयाला रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. लेझमीच्या वीस मिनिटांत घाम निघतो, हे ज्यांनी खेळली आहे त्यांना सांगायला नको. कापडी मास्क बारीक कण फारसे अडवत नाही आणि एन-९५ लहान चेहऱ्यावर नीट बसत नाही. पळताना तर कोणताच मास्क नको.

आता वेळापत्रक. सकाळच्या सत्राच्या शाळांनी पीटीचा तास पहिल्या ऐवजी शेवटचा ठेवावा, पावणेबारा ते साडेबारा. दुपारच्या सत्राने तो साडेतीन ते साडेचारमध्ये घ्यावा, शेवटचा नको, कारण सहाच्या सुमारास हवा पुन्हा बसू लागते. डिसेंबर-जानेवारीचे ऊन टोपी आणि दोन घोट पाणी यांवर सोसवते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उकाडा चढला की तास परत सकाळी न्यावा. डिसेंबरातला क्रीडादिन दुपारी दोननंतर ठेवला तर पाहुण्यांची थोडी गैरसोय होईल, होऊ द्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला तो मुलांच्या झोपेसाठी. अपुऱ्या झोपेनेही वजन वाढते. त्याची अंमलबजावणी झाली तर सकाळच्या हवेचा प्रश्नही अर्धा सुटतो, पण दोन सत्रांत चालणाऱ्या इमारतींत ती अडते, हे मान्य.

शाळेचे फाटक हे वेगळेच प्रकरण. पहिलीतल्या मुलाचे नाक जमिनीपासून जेमतेम तीन-साडेतीन फुटांवर, आणि व्हॅन, बस, आईबाबांच्या गाड्या इंजिन सुरू ठेवून रांगेत उभ्या. धुराच्या नळीचे तोंड थेट मुलांच्या रांगेकडे. फाटकापासून पन्नास पावले अलीकडे उतरवणे आणि थांबताक्षणी इंजिन बंद करणे, एवढे वॉचमन सांगू शकतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकता येत नाहीत. तेच ५० मीटर इंजिनबंदीलाही धरावेत. मैदान आणि वर्ग कोरडे झाडायचे असतील तर आदल्या संध्याकाळी, मुले गेल्यावर. सकाळी फक्त ओले पुसणे. मातीच्या मैदानावर तासाच्या वीस मिनिटे आधी हलका शिडकावा करावा. शिवाजी पार्कच्या लाल मातीचा वाद जुना आहे, पण ती मुख्यतः जाड धूळ, पाण्याने बसते. गाड्यांच्या धुरातले बारीक कण शिडकाव्याने बसत नाहीत.

शेजारी बांधकाम असेल तर ऑक्टोबर २०२३ पासूनची महापालिकेची नियमावली हातात ठेवावी. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती किमान ३५ फूट पत्रे, बांधकामावर हिरवे कापड किंवा ताडपत्री, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुण्याची सोय. पत्रे लावले जातात, कारण ते रस्त्यावरून दिसतात. बिघडते ते चाके धुण्याच्या खड्ड्यात: दोन दिवसांत तो गाळाने भरतो, पाणी बदलत नाहीत, ट्रक त्याच चिखलातून चाके माखून बाहेर पडतो, चिखल रस्त्यावर वाळतो आणि पुढच्या गाडीबरोबर उडतो. दुसरी जागा म्हणजे कापड फाटलेल्या मजल्यावर पाणी न मारता कापली जाणारी लादी. महापालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करताना ‘फार धूळ आहे’ असे मोघम सांगू नये. गाळाने भरलेल्या खड्ड्याचा फोटो, तारीख, वेळ आणि उघड्या ट्रकचा क्रमांक द्यावा. लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर नेण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. ज्या भट्टीत अजून जुन्या फर्निचरचे पॉलिश लागलेले लाकूड जळते, तिथेही तक्रारीचा मार्ग हाच.

दम्याच्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट. ‘पंपाने वजन वाढते, सवय लागते’ म्हणून हिवाळ्यात पंप बंद करणारी घरे पुष्कळ आहेत. रोजच्या पंपातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते आणि फुप्फुसात जाते. तो बंद केल्यावर अटॅक येतो, मग तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड द्यावे लागते, ते मिलिग्रॅममध्ये; भूक आणि वजन वाढते ते त्याच्या वारंवार डोसांनी. पंप स्पेसरमधूनच (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातूनच) द्यावा, मग चूळ भरायला लावावी. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता निथळू द्यावा; कापडाने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटते. धुळीवर उतारा म्हणून दिला जाणारा गुळाचा खडा फुप्फुसापर्यंत जात नाही, दहा ग्रॅममागे चाळीसेक कॅलरी मात्र पोटात जातात.

महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आमचे मागणे एका पानाचे आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी परिपत्रक काढून पीटीच्या तासाची हिवाळी वेळ ठरवून द्यावी, प्रत्येक शाळेला तिच्या जवळच्या केंद्राचे नाव कळवावे आणि मैदानावर जाण्याआधी पीएम २.५ चा तासाचा आकडा फळ्यावर लिहिण्याचे काम क्रीडाशिक्षकांवर सोपवावे. खासगी शाळांना परिपत्रकाची वाट पाहण्याचीही गरज नाही. दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक त्या तसेही सुट्टीतच छापतात.

— शालेय आरोग्य तपासणीत काम करणारे काही बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व क्रीडाशिक्षक, मुंबई